पीण्यातलं थकलेलं बिल: कोर्टाची पायरी चढण्याआधी

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण ज्यांचं छोटं वर्कशॉप आहे, जे जॉबवर्क करतात, त्यांच्या रात्रीच्या झोपेचा आहे. माल दिला, बिल दिलं, पैसे आले नाहीत. आता पुढे काय?

यासाठी आपण बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात जाऊ. तुमकुरू रस्त्याला लागून, जालहळ्ळीच्या शेजारी ही वसाहत 1970 च्या दशकात उभी राहिली. एचएमटी, भारत इलेक्ट्रॉनिक्स अशा सरकारी कारखान्यांच्या आसपास मशीनवर काम जाणणारी माणसं होती आणि त्यांच्या हातांना काम देणारी छोटी छोटी शॉप तिथे निघाली. आज मेट्रोच्या हिरव्या मार्गावर ‘पीण्या’ आणि ‘पीण्या इंडस्ट्री’ अशी दोन स्टेशनं आहेत. उतरून गल्लीत शिरलात की टर्निंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग, शीट मेटल, टूल रूम, एकाला लागून एक. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागातली मराठी बोलणारी माणसंही इथे भेटतात. गिऱ्हाईक मात्र फक्त बंगळुरूचं नसतं. चाकणचं असतं, होसूरचं असतं, चेन्नईचं असतं. म्हणून पैसे अडकले की प्रश्न दोन राज्यांचा होतो.

एक उदाहरण धरू. हे बनवलेलं उदाहरण आहे, कोणा एकाची गोष्ट नव्हे. समजा पीण्यात तुमचं सीएनसी शॉप आहे. चाकणच्या एका कंपनीची पीओ आली. स्वतःचा कच्चा माल घालून तुम्ही पार्ट बनवले आणि 10 नोव्हेंबर 2023 ला पोचवले. बिल 8 लाख रुपयांचं. पीओवर लिहिलंय, 90 दिवसांत पेमेंट. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात. तुमच्या बिलाच्या तळाशी छापलंय, सब्जेक्ट टू बंगळुरू ज्युरिस्डिक्शन. पैसे आले नाहीत. फोन केला की ‘पुढच्या आठवड्यात’. असे पुष्कळ आठवडे गेले.

आपल्याकडे एक म्हण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हणीत तथ्य आहे. पण पीण्यातला छोटा मालक ही म्हण इतकी मनावर घेतो की तो काहीच करत नाही. आणि मग एक दिवस वकील सांगतो, साहेब, मुदत गेली. पायरी चढायची नसेल तर नका चढू, पण पायरीच्या अलीकडे आज कायद्याने दोन-तीन दारं ठेवली आहेत. ती ठरावीक वेळेपुरतीच उघडी असतात. कुठलं दार आपल्यासाठी, आणि ते कधी बंद होतं, एवढंच आज समजून घेऊ.

पहिलं घड्याळ: मुदत

लिमिटेशन अ‍ॅक्ट, म्हणजे 1963 चा मुदतीचा कायदा. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करायला साधारण 3 वर्षं मिळतात. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल पोचल्यापासून, ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. आपल्या उदाहरणात 90 दिवस फेब्रुवारी 2024 मध्ये संपतात, म्हणजे 3 वर्षं फेब्रुवारी 2027 पर्यंत. पण माझा सल्ला असा की मोजताना माल पोचल्याच्या तारखेपासूनच मोजा. म्हणजे मनातली शेवटची तारीख नोव्हेंबर 2026. समोरच्या वकिलाला मुदतीवर वाद घालायला जागाच ठेवू नका.

लक्षात घ्या, फोनवरच्या ‘देतो, देतो’ने हे घड्याळ थांबत नाही. ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं ते लेखी कबुलीने. या कायद्याचं कलम 18 असं सांगतं की मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून देणं मान्य केलं, तर त्या तारखेपासून नवी मुदत. मग ईमेलचं काय? कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सुदर्शन कार्गो विरुद्ध टेकव्हॅक इंजिनिअरिंग या प्रकरणात ईमेलमधून दिलेली कबुलीसुद्धा धरली जाईल असं म्हटलं. म्हणून दर 31 मार्चनंतर गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागाला बाकी कळवा आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर मागवून घ्या. बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात ते हेच. त्यात भांडण नाही, कटुता नाही. ऑडिटसाठी हवंय म्हटलं की झालं.

मुदत संपल्यावर आलेल्या कबुलीचा या कलमाखाली उपयोग नाही. वेळेत घ्यायची.

कुठल्या गावचं कोर्ट?

आता त्या बारीक अक्षरांकडे येऊ. पुणे की बंगळुरू?

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 20 सांगतं की दावा प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे करता येतो, किंवा दाव्याचं कारण पूर्ण किंवा अंशतः जिथे घडलं तिथे. आपल्या उदाहरणात कंपनी चाकणची, म्हणून पुणे आहेच. पण पीओ बंगळुरूला स्वीकारली, माल इथून निघाला, पैसे इथे यायचे होते, असं दाखवता आलं तर बंगळुरूही येतं. जिथे दोन ठिकाणची कोर्टं चालू शकतात तिथे दोघांनी करार करून एक निवडलं तर चालतं. हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये हकमसिंग विरुद्ध गॅमन या खटल्यात सांगितलं. दावा वाराणसीला लावला होता, करारात मुंबई लिहिली होती, मुंबई कायम राहिली. मात्र ज्या गावाचा व्यवहाराशी काही संबंध नाही त्या गावच्या कोर्टाला करार करून अधिकार देता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

पुढे 1989 मध्ये ए.बी.सी. लॅमिनार्टचा निकाल आला. विकणारा गुजरातचा, घेणारा तमिळनाडूतल्या सेलमचा. कागदावर लिहिलं होतं, वाद खेडा जिल्ह्याच्या अधिकारक्षेत्रात. पण ‘फक्त’, ‘केवळ’ असा शब्द नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सेलमच्या कोर्टाचा अधिकार कायम ठेवला. त्यामुळे वकील मंडळी बरीच वर्षं ‘फक्त’ हा शब्द आहे की नाही ते शोधत राहिली. मग 2013 मध्ये स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल. तिथे करारात कोलकात्याचं नाव होतं, ‘फक्त’ नव्हतं. न्यायालय म्हणालं, एका गावाचं नाव घेतलं याचाच अर्थ बाकीची वगळली. ‘फक्त’ शब्द नसल्याने फरक पडत नाही.

मग आपल्या उदाहरणात दोन कागदांवर दोन गावं आहेत, त्याचं काय? तिथे कोर्ट पाहतं की करार कुठल्या कागदाने झाला. पीओ आधी आली, तुम्ही ती मान्य करून काम केलं. बिल नंतर गेलं. बिलाच्या तळाशी तुम्ही एकट्याने छापलेली ओळ समोरच्याने मान्य केली होती का, हा प्रश्न येतोच. म्हणजे ‘बिलावर बंगळुरू छापलंय’ या भरवशावर राहण्यात धोका आहे. पीओ आली की खालची बारीक अक्षरं वाचा, आणि गावाचं नाव बदलून हवं असेल तर काम सुरू करण्याआधी ईमेल करा. पैसे थकल्यावर त्या ईमेलला अर्थ उरत नाही.

पण सगळ्यांनाच चाकणचं गिऱ्हाईक अटी बदलून देत नाही. आठ लाखांच्या ऑर्डरसाठी कोण कोणाच्या अटी बदलतो! म्हणून पुढचं दार महत्त्वाचं.

पहिलं दार: फॅसिलिटेशन कौन्सिल

एमएसएमईडी कायदा 2006 चा. त्यातली कलमं 15 ते 24 ही सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांच्या थकलेल्या पैशांसाठीच आहेत. मध्यम उद्योगाला, म्हणजे ‘मीडियम’ गटातल्याला, ती लागू नाहीत. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची मर्यादा 100 कोटींपर्यंत उलाढाल आणि 25 कोटींपर्यंत यंत्रसामग्री अशी वाढली आहे, त्यामुळे पीण्यातली बहुतेक शॉप यात बसतील. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी मिळाली तरी ती प्राधान्य कर्जापुरती असते, या कलमांचा फायदा त्यातून मिळत नाही.

कलम 15 म्हणतं, पैसे ठरलेल्या तारखेला द्या, पण ती तारीख माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येणार नाही. काही ठरलंच नसेल तर 15 दिवस. म्हणजे पीओवर 90 दिवस लिहिले असले तरी या कायद्याच्या हिशेबात 10 नोव्हेंबरचा माल 25 डिसेंबर 2023 ला पैशांना आला.

त्यानंतर कलम 16 चं व्याज. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि तेही दरमहा चक्रवाढ. 2024 मध्ये बँक रेट 6.75 टक्के होता. तिप्पट म्हणजे 20.25 टक्के. 8 लाखांवर एका वर्षात सुमारे 1 लाख 78 हजार रुपये व्याज होतं. इंग्लंडमधून ऐकणारी मंडळी आहेत, त्यांना माहीत असेल, तिथेही 1998 च्या कायद्याने उशिराच्या व्यापारी देण्यावर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा 8 टक्के जास्त व्याज लागतं, आणि 10,000 पौंडांपर्यंतचे दावे काउंटी कोर्टात सोप्या पद्धतीने चालतात. आपल्याकडचं व्याज त्यापेक्षा कडक आहे. अडचण मिळण्यात आहे.

हे मागायचं कुठे? कलम 18 खाली कौन्सिलकडे. अर्ज ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो. जमलं नाही तर कौन्सिल स्वतः लवाद होते किंवा संस्थेकडे पाठवते. कायद्यात 90 दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आधीच धरून चला.

आणि आता गावाचा प्रश्न. कलम 18(4) म्हणतं की पुरवठादार जिथे आहे तिथल्या कौन्सिलला अधिकार, मग घेणारा भारतात कुठेही असो. म्हणजे चाकणच्या कंपनीला कर्नाटकातल्या कौन्सिलपुढे यावं लागतं. मग पीओवरच्या लवादाच्या कलमाचं काय? गुजरात राज्य नागरी पुरवठा महामंडळ विरुद्ध महाकाली फूड्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 ला सांगितलं की आपसातल्या लवाद करारापेक्षा हा कायदा वरचढ आहे. मे 2025 मध्ये तर बंगळुरूचाच संबंध असलेला निकाल आला, हरचरण दास गुप्ता यांचा. पुरवठादार दिल्लीचा, समोर इस्रो, करारात लवादाचं ठिकाण बंगळुरू. कर्नाटक उच्च न्यायालयाने दिल्लीतली कारवाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला ठेवून म्हटलं, पुरवठादार दिल्लीत आहे, लवाद दिल्लीतच चालेल. तिथे बंगळुरूच्या विरोधात गेलेला हाच नियम पीण्यातल्या पुरवठादाराच्या बाजूने उभा राहतो.

या दाराला एक कुलूप आहे: नोंदणी. महाकाली फूड्सच्या निकालात असंही म्हटलंय की करार आणि पुरवठा झाल्यानंतर नोंदणी केली तर तिचा फायदा मागच्या व्यवहारांना मिळत नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने एनबीसीसीच्या प्रकरणात या मुद्द्यावर वेगळं मत मांडून तो तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. तो वाद वकिलांना लढू द्या. तुमच्यासाठी धडा सोपा आहे. उद्यम नोंदणी फुकट होते. पहिली पीओ घेण्याआधी ती करून ठेवा आणि नंबर बिलावर छापा.

मुदतीचं काय? सिल्पी इंडस्ट्रीजच्या 2021 च्या निकालाप्रमाणे कौन्सिलच्या लवादालाही मुदतीचा कायदा लागतो. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात ठरलं, सोनाली पॉवर इक्विपमेंट्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. त्यात न्यायालयाने फरक केला. समेटाच्या टप्प्यावर जुनी, मुदत गेलेली बाकीसुद्धा मांडता येईल, कारण समेट म्हणजे दोघांची राजीखुशी. लवादाच्या टप्प्यावर मात्र मुदत पाहिली जाईल. म्हणजे जुन्या बाकीला थोडी आशा आहे, पण समोरचा राजी असेल तरच.

आणि कौन्सिलचा निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर त्याला आव्हान द्यायला घेणाऱ्याला 75 टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. कलम 19. ‘अपील करून पाच वर्षं घालवू’ म्हणणारा इथे विचार करतो.

दुसरं दार: कमर्शियल कोर्ट

नोंदणी नसेल, तुम्ही व्यापारी असाल किंवा ‘मीडियम’ गटात असाल, तर दिवाणी दावा. केम्पेगौडा रस्त्यावरचं सिटी सिव्हिल कोर्ट बंगळुरूकरांना ठाऊक आहे. पण व्यापारी वाद 3 लाखांचा किंवा वरचा असेल तर तो कमर्शियल कोर्टापुढे जातो. 2015 च्या मूळ कायद्यात ही मर्यादा 1 कोटी होती, 2018 मध्ये ती 3 लाखांवर आणली. म्हणून आपलं 8 लाखांचं बिल तिथे बसतं.

फरक काय पडतो? साध्या दाव्यात प्रतिवादीची कैफियत येता येता वर्ष जातं, असा अनेकांचा अनुभव. कमर्शियल कोर्टात समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, फार तर 120 दिवस. त्यानंतर कैफियत घेतलीच जात नाही. 2019 मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्का मारला.

पण सरळ दावा लावता येत नाही. 2018 च्या दुरुस्तीने कलम 12अ आलं: तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी. पुष्कळ वकील याला केवळ उपचार समजत. मग पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स हा खटला पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 17 ऑगस्ट 2022 ला निकाल आला: ही मध्यस्थी सक्तीची आहे, ती न करता लावलेला दावा फेटाळला जाईल, आणि हे 20 ऑगस्ट 2022 पासून लागू. म्हणजे घाईघाईने, मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात थेट दावा लावाल, तर तो तिथेच पडेल.

मध्यस्थीचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. 3 महिने, दोघांच्या संमतीने आणखी 2. हा काळ मुदतीत धरला जात नाही. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याचा रस्ता मोकळा होतो. आला आणि तडजोड झाली, तर त्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याची ताकद असते. पीण्यातल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्याला गिऱ्हाईक तोडायचं नसतं, त्याला पैसे हवे असतात. ‘चार हप्त्यांत द्या, व्याज सोडतो’ हे बोलायला कोर्टाची कैफियत लागत नाही, तिसरा माणूस समोर बसलेला लागतो.

तिसरं दार: वटला नाही तो चेक

गिऱ्हाइकाने चेक दिला आणि परत आला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम 138. हे दार फौजदारी आहे, आणि याचं घड्याळ सगळ्यांत वेगवान. चेक 3 महिन्यांच्या आत बँकेत टाकायचा. परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस. तरी पैसे नाहीत, तर त्यापुढे एका महिन्यात तक्रार. यातला एक टप्पा चुकला तरी तक्रार अडचणीत.

कोर्ट कुठलं, यावर इथेही मोठा घोळ झाला होता. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1 ऑगस्ट 2014: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथेच तक्रार. म्हणजे पीण्याच्या माणसाने प्रत्येक तारखेला चाकणच्या बाजूला जायचं. देशभर प्रकरणं एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात फिरली. शेवटी 2015 मध्ये कायदाच बदलला. आता तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला, तर तुमचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. खातं पीण्यातल्या शाखेत, तर तक्रार बंगळुरूत.

सहीचा चेक हातात असला की देणं होतं असं कायदा गृहीत धरतो, ते खोटं पाडणं समोरच्यावर. 2010 चा रंगप्पा विरुद्ध श्री मोहन हा याबद्दलचा नेहमी सांगितला जाणारा निकाल कर्नाटकातूनच गेलेला. आणि 2018 पासून खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं.

समोरचा काय म्हणतो?

दार कुठलंही असो, उत्तर बहुधा एकच येतं: माल खराब होता. नोटीस मिळेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द नसतो.

इथे तुमचे कागद बोलतात. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नसेल, तर एमएसएमईडी कायदा माल स्वीकारला असं धरतो. 1930 च्या माल विक्री कायद्यातही वाजवी वेळात नाकारलं नाही तर स्वीकारलं असं कलम आहे. म्हणून डिलिव्हरी चलनावर गेटचा शिक्का, तारीख आणि सही. ई-वे बिल. इन्स्पेक्शन रिपोर्ट. आणि एक पुरावा बहुतेक जण विसरतात: जीएसटी. तुमच्या बिलावर त्यांनी इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर ‘माल मिळालाच नाही’ म्हणणं त्यांना जड जातं. शिवाय 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट परत करावं लागतं. तुमच्या ईमेलमध्ये ही आठवण सभ्य भाषेत करून द्यायला हरकत नाही.

आयकराचीही एक ओळ आहे. 1 एप्रिल 2024 पासून 43ब(ह) हे कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल 45 दिवसांच्या मर्यादेत दिलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. मार्चमध्ये अचानक काही पेमेंट येतात, त्यामागे हेही एक कारण असतं. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु आहात हे गिऱ्हाइकाला माहीत असेल, तरच त्याचा उपयोग. पुन्हा तेच, उद्यम नंबर बिलावर.

निकालानंतर

आता सगळ्यांत कडू भाग. निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. हुकूमनामा हातात आल्यावर दरखास्त लावावी लागते, जप्ती मागावी लागते. बंगळुरूतल्याच एका मालमत्तेच्या वादात, राहुल शाह विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी, लोक हुकूमनाम्यानंतर वर्षानुवर्षं थांबले होते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दरखास्त 6 महिन्यांत निकाली काढा. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयापुढे देशभरातली आकडेवारी आली: सुमारे 8 लाख 82 हजार दरखास्ती पडून. त्यातल्या 3 लाख 41 हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या.

म्हणून दार निवडतानाच वसुलीचा विचार करा. बंगळुरूच्या दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन चाकणची मालमत्ता जप्त करायची, तर तो आधी पुण्याच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. लवादाच्या निवाड्याला ती गरज नाही. 2018 मध्ये सुंदरम फायनान्स विरुद्ध अब्दुल समद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालमत्ता जिथे असेल तिथे निवाडा थेट घेऊन जा. कौन्सिलचा निवाडा आणि मध्यस्थीतली तडजोड, दोन्हींना हा फायदा मिळतो. कंपनी डबघाईला येण्याची चिन्हं दिसत असतील तर एक-एक महिना मोलाचा आहे, कारण ती दिवाळखोरीत गेली की रांगेत बँका पुढे असतात आणि माल देणारा मागे.

शेवटचं आणि खरं

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, कायदा आहे, पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? ही भीती खोटी नाही. शॉपचं 60-70 टक्के काम एकाच गिऱ्हाइकावर असेल, तर कौन्सिलकडे अर्ज करणं म्हणजे ते काम सोडणं होऊ शकतं. त्याला कुठल्याही कलमात उत्तर नाही. पण हिशेब पूर्ण मांडा. 8 लाख अडकल्यावर तुम्ही कामगारांचा पगार आणि मशीनचा हप्ता ओव्हरड्राफ्टमधून भरता. त्याचं व्याज तुम्ही भरता. म्हणजे चाकणच्या कंपनीला तुम्ही बिनव्याजी कर्ज दिलेलं असतं, तेही बँकेकडून व्याजाने काढून. तसं कर्ज किती दिवस देणं परवडतं, तो आकडा मालकाने स्वतः ठरवायचा असतो.

माझं म्हणणं एवढंच की तो निर्णय तुमचा असावा, कॅलेंडरचा नसावा. म्हणून या आठवड्यात एक काम करा. थकलेल्या बिलांची यादी काढा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: माल पोचल्याची तारीख, शेवटची लेखी कबुली कधी मिळाली, आणि पीओवर कुठल्या गावाचं नाव आहे. ज्या बिलाला अडीच वर्षं होत आलीत त्याच्यावर लाल खूण करा. त्या कागदासह वकिलाकडे जा. मी इथे सर्वसाधारण रस्ता सांगितला, तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहूनच नेमकं काय करायचं ते ठरेल.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मान्य. पण चढायची की नाही हे ठरवायला तरी वेळ शिल्लक राहील, इतकं शहाणपण आधी दाखवू या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.